तार चुकली तरी

मित्रांनो, मी एक जुना हूक आहे. कपडे अडकवायचा नव्हे, लढाऊ विमानाच्या शेपटीखालचा. आता मात्र कोथरूडच्या दोन खोल्यांच्या घरात दाराजवळ टांगलेला असतो आणि लोक मला छत्री अडकवतात.

मी पोलादाचा. विमानवाहू जहाजावर जागा तोकडी; वेगात आलेले विमान नुसत्या ब्रेकने तिथे थांबत नाही. म्हणून डेकवर जाड तारा आडव्या ताणलेल्या असत. उतरताना वैमानिक मला खाली सोडायचा आणि मी घासत जाऊन तार पकडायचो. तारेची टोके डेकखालच्या यंत्रात असत. ते यंत्र तार एकदम अडवायचे नाही, जोर लावत लावत सोडायचे. म्हणून विमान मोडत नसे, दोन-चार श्वासांत उभे राहत असे.

मग सीताराम नावाचे नौसैनिक यायचे आणि चीर पडली का ते बघायला माझ्या टोकाखालून बोट फिरवायचे. तेलकट, खरखरीत बोट.

पुढे ती विमाने थकली. माझा लांब दांडा कापला गेला, मी भंगारात गेलो. किती वर्षे गंजलो कोण जाणे. एके रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक पिकल्या केसांचा माणूस वाकला. त्याने टोकाखालून बोट फिरवले. मी ते बोट ओळखले!

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, नांगर घेऊन कुठे? कोथरूडला आता शेतं उरली नाहीत."

"विमानाचा हूक आहे हा."

"मग विमानानेच जायचं होतं!"

सीतारामांची मुलगी श्रद्धा इंजिनिअर झाली, ते संगणकाच्या नोकऱ्यांचे दिवस होते. मोठ्या कंपनीची लेखी परीक्षा ती पास झाली, आणि आईने, सुशीलाबाईंनी, पेढेही सांगून ठेवले. पण मुलाखतीनंतर नकार आला.

"दुसऱ्या कंपनीचा अर्ज?" सीतारामांनी विचारले.

"भरलाच नाही, बाबा. इथे होणारच वाटलं. आज पाचपर्यंत नेऊन द्यायचा होता. जाऊ दे आता."

सीतारामांनी मला काढून तिच्या मांडीवर ठेवले.

"चाकं डेकला टेकली, की वैमानिक काय करतो?"

"इंजिन बंद."

"चूक. पूर्ण जोर देतो! तार लागली तर ती धरते. चुकली, तर डेक संपायच्या आत पुन्हा उडता आलं पाहिजे. तार लागणारच म्हणून जोर काढला, की समुद्र."

श्रद्धा माझ्या झिजलेल्या टोकाकडे बघत राहिली.

"ज्याची तार चुकायची, त्याला बाकीचे काय म्हणायचे?"

"काही नाही. फेरी मारून परत यायचा. आम्ही खाली उभेच असायचो."

"भाषण पुरे," आतून सुशीलाबाई म्हणाल्या. "सव्वाचार झालेत. पेढे मी सांभाळते."

श्रद्धा उठली. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. सीताराम गॅलरीत गेले, ते उभेच राहिले.

सहाला ती आली. "दिला. पाचला पाच मिनिटं होती." तिने छत्री मला अडकवली. थोड्या वेळाने सीतारामांनी येऊन माझ्या टोकाखालून बोट फिरवले.

मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचा थेंब मिळाला तरी पुरे. पण तुमच्या घरात कोणाची तार चुकली, तर एवढे करा: ते फेरी मारून येईपर्यंत खाली उभे राहा.