काकांना सांगू नकोस

वेद लिमयेची गाडी जितकी पेट्रोलवर चालायची तितकीच मराठीवर चालायची, आणि अख्ख्या पेनसिल्व्हेनियात हे दोघा बहीणभावांना सोडून तिसऱ्याला समजायचं कारण नव्हतं. मिलर्स गॅपच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर दर शनिवारी चोवीस गाड्या घोंघावायच्या, सगळ्या डावीकडेच वळत. हेल्मेट, मानेचा पट्टा आणि लोखंडी पिंजरा यांत जखडलेल्या ड्रायव्हरला आजूबाजूचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाचा एक माणूस स्टँडच्या छपरावर उभा राहून रेडिओवर त्याला वाट सांगतो. त्याला म्हणतात स्पॉटर. वेदची स्पॉटर त्याची थोरली बहीण उर्वी. आठवडाभर पार्सिपनीत एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि शनिवारी छपरावर उभं राहून भावाला "आत एक, बाहेर एक, मोकळं" असं सांगायचं, हा तिचा सात वर्षांचा नेम.

मराठीची युक्ती तिचीच. रेडिओवरचं बोलणं कोणालाही ऐकता येतं. दुसऱ्या टीम ऐकतात, आणि प्रेक्षकांनाही स्टँडखालच्या टपरीवर हेडफोन भाड्याने मिळतो. २००१च्या पहिल्याच मोसमात उर्वीने तीनदा इंग्रजीत "आतून घाल" म्हटलं आणि तीनदा पुढच्याने आतली वाट आधीच अडवली. चौथ्या वेळी ती चिडून मराठीत ओरडली आणि वेद सुळकन आतून निघून गेला. दोघांचीही मराठी आईच्या स्वयंपाकघरातली, "इंग्रजीत मागाल तर ताट मिळणार नाही" या धाकावर वाढलेली. त्या धाकाचं चीज मिलर्स गॅपला होईल हे त्या आईच्या, नंदाताईंच्या, स्वप्नातही आलं नसेल.

टीमचा मुख्य मेकॅनिक लायल हा साठीचा, दोन बोटं कमी असलेला गृहस्थ. तोही खाली पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, त्याच रेडिओवर असायचा. "जिंकत असाल तर कोंबड्यांच्या भाषेत बोला," असं म्हणून त्याने विषय संपवला. अडचण एवढीच की त्याच्याबद्दल काही बोलायचं तर त्याचं नाव त्याला कळणार. म्हणून वेदने त्याला काका करून टाकलं. बिचारा लायल सात वर्षं काका होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

वडिलांना मात्र यातलं काहीच नको होतं. डॉ. पुरुषोत्तम लिमये भूलतज्ज्ञ. तीस वर्षं टेबलाच्या डोक्याशी बसून त्यांनी दुसऱ्यांचे श्वास मोजले. २००१च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या मोठ्या शर्यतीत एक नामवंत ड्रायव्हर शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं, आणि दोन महिन्यांत त्यांच्या इंजिनिअर मुलाने टेलिफोन कंपनीतली नोकरी सोडली. "बाप म्हणून मला हे बघवणार नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणून कधी गरज पडली तर येईन." मंडळाच्या गणपतीत कोणी मुलाची चौकशी केली की ते "ऑटोमोबाइलमध्ये आहे" म्हणायचे आणि प्रसादाच्या रांगेकडे सरकायचे.

पहिली दोन वर्षं वेदचा नंबर शेवटून मोजायला सोपा होता. २००४मध्ये तो पहिली शर्यत जिंकला, २००६मध्ये पाच, आणि २००७मध्ये अख्ख्या मोसमाचा विजेता झाला. नंदाताईंनी ती हातभर ट्रॉफी फायरप्लेसवर मांडली. डॉक्टर तिच्याकडे पाठ करून पेपर वाचायचे. वेद घरी आला की आधी बाबांची खुर्ची कुठल्या दिशेला आहे ते बघायचा, हे उर्वीच्या नजरेतून सुटत नव्हतं.

मग २००८ उजाडलं आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या एका टीमने वेदला ऑक्टोबरात टेस्टला, म्हणजे त्यांची गाडी चालवून दाखवायला, बोलावलं. टेस्ट जमली तर देशभरच्या शर्यती, टीव्ही, सगळंच. वेदला बत्तिसावं सुरू होतं. या वयात कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

जुलैत तो भिंतीवर आदळला. चालत बाहेर आला, लायलशी हसून बोलला, ॲम्ब्युलन्समधल्या माणसाच्या प्रश्नांना पटापट उत्तरं देऊन सुटला. पुढच्या शनिवारी तिसऱ्या फेरीला रेडिओवर आवाज आला, "ताई, मला दोन दोन दिसतायत. काकांना सांगू नकोस."

लायल ऐकत होताच. त्याला वाटलं, टायरबद्दल काही असेल.

उर्वीने नाही सांगितलं. तिने काम वाढवलं. आता ती नुसतं आत-बाहेर सांगत नव्हती. "पुढे एकच आहे, भिंतीकडची नाही, आतली खरी," असं फेरीमागून फेरी सांगत होती. वेद तिच्या शब्दावर गाडी घालत होता आणि नंबरात येत होता. खरं सांगायचं तर तिला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटत होता. एवढी वर्षं ती त्याची मदतनीस होती. आता तिच्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. टेस्ट झाली की डॉक्टरला दाखवू, असं दोघांचं ठरलं होतं. टेस्टच्या ट्रॅकवर तो एकटाच असणार, मग दोन दिसले काय नि चार दिसले काय, असंही वेद म्हणाला, आणि शहाणीसुरती उर्वी त्यावर हसली.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मोसमातली अखेरची शर्यत होती. दीडशे फेऱ्या. नव्वदाव्या फेरीला वेद तिसरा होता. तेवढ्यात मागे कोणाचं तरी इंजिन फुटलं, ट्रॅकवर तेल सांडलं आणि पिवळा झेंडा पडला. गाड्या रांगेने संथ फिरू लागल्या. उर्वीने पाण्याची बाटली उघडली आणि तिचा मोबाइल वाजला.

"बाबा? मी रूफवर आहे, रेस चालू आहे. घरी सगळं ओके ना?"

"मी घरी नाही. खाली कुंपणाशी उभा आहे. निळी टोपी."

तिने वाकून पाहिलं. जाळीच्या कुंपणाशी एक म्हातारा माणूस ट्रॅककडे पाठ करून छपराकडे बघत होता. त्याच्या एका कानावर मोबाइल होता, दुसऱ्यावर भाड्याचा हेडफोन.

"तुझी आई म्हणाली, एकदा तरी जाऊन या. तुमच्या सत्तावीस नंबरच्या गाडीचं बोलणं लावून घेतलंय या हेडफोनवर," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या फेरीपासून ऐकतोय."

ज्या भाषेमागे ते दोघं सुखाने लपले होते, ती ज्यांच्या घरात शिकले त्यांनाही ती कळते, हे दोघांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

"त्याला दोन कधीपासून दिसतात?"

"जुलैपासून. बाबा, फक्त दोन आठवडे राहिलेत. टेस्ट झाली की तो डॉक्टरला दाखवणार आहे, प्रॉमिस केलंय."

"खरं कुठलं ते तू सांगतेस."

"हो."

"तुझं एक वाक्य बोलून व्हायला किती वेळ लागतो?"

सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी प्रोग्रॅमरशी भांडणारी बाई ती. हिशेब तिला तोंडपाठ होता. दीड सेकंद. तेवढ्यात गाडी दोनशे फूट पुढे जाते. आणि त्या दोनशे फुटांत इतरही गाड्या असतात, त्यांतही कोणाकोणाचे भाऊ असतात.

"मी खाली जाऊन आरडाओरडा करू शकतो," डॉक्टर म्हणाले. "पण त्याने डोळे तुझ्या हवाली केलेत, माझ्या नाही. तू सांग." आणि त्यांनी फोन ठेवला.

पिवळा झेंडा उतरायला दोन फेऱ्या होत्या. टेस्ट, नॉर्थ कॅरोलायना, सात वर्षांचे शनिवार, सगळं त्या दोन फेऱ्यांत होतं. उर्वीला रडू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. तिने बटण दाबलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्या रेडिओवर सरळ इंग्रजीत बोलली. लायल, वेदला जुलैपासून एकाचे दोन दिसतायत. मला माहीत होतं. त्याला आत, पिटमध्ये घे.

लायलने पुन्हा बोलायला सांगितलं. ती पुन्हा बोलली. मग लायल फक्त एवढंच म्हणाला, "सत्तावीस, आत ये."

वेदची गाडी रांगेतून बाजूला झाली.

"ताई, काकांना सांगितलंस?"

"हो."

"का?"

"बाबा आलेत, वेद. खाली उभे आहेत. सगळं ऐकतायत."

गाडी मागच्या वळणावरून सावकाश येत होती. तिला वाटलं, आता तो शिव्या देईल, किंवा रेडिओ बंद करेल. तसं केलं असतं तरी तिने मनावर घेतलं नसतं.

"बाबा," वेद म्हणाला. त्याचा आवाज दहा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. "मी तिसरा होतो. बघितलंत ना?"

भाड्याच्या हेडफोनवरून ऐकता येतं, बोलता येत नाही. कुंपणाशी डॉक्टर लिमये छपराकडे तोंड करून जोरजोरात मान हलवत होते. टोपी खाली पडली होती, ती उचलायचंही त्यांना भान नव्हतं.

"ताई? काय म्हणतायत?"

"हो म्हणतायत," उर्वी म्हणाली. "बघितलं म्हणतायत."

"ओके. मला पिटची दोन तोंडं दिसतायत."

"डावीकडचं खरं. सावकाश. मी सांगते तेव्हा वळ."