व्हर्डेलचा चेहरा

आयनीझाबाईंच्या पार्लरमागची तेलाच्या डब्यांची कोठडी हीच माझी डार्करूम. आम्हा काळ्यांच्या वस्तीत गोऱ्यांच्या पगारावर न जगणाऱ्या त्या एकट्याच; त्यामुळे मतहक्काच्या चळवळीच्या सभाही त्यांच्याच खुर्च्यांवर भरत.

दुपारच्या बसने अटलांटाच्या साप्ताहिकाकडे एक फोटो जायचा होता. दोरीवर दोन वाळत होते. एकात व्हर्डेल टार्व्हर मतनोंदणीचा फलक धरून न्यायालयाच्या पायऱ्यांवर पाठमोरी उभी. दुसऱ्यात पोलीस शिपायाचा हात तिच्या कॉलरवर, आणि ती सरळ माझ्याकडे पाहते आहे. मी पाठमोरेच फोटो पाठवीत असे. चेहरा छापला की घरच्या कुणाची तरी नोकरी जाई. व्हर्डेलची आई गिरणीमालकाकडे स्वयंपाकाला होती. पण पोलिसांच्या गाडीत चढताना व्हर्डेल मला म्हणाली होती, "आज तोंड पाठव, लाजाळू. पाठ पुष्कळ झाली."

सकाळपासून मी दोन्ही फोटो दोरीवरून उतरवून पुन्हा टांगत होतो. तेवढ्यात पार्लरच्या खुर्चीतून उठून, दार ढकलून टार्व्हरबाई आत आल्या, केस अर्धे विंचरलेले. लेकीच्या फोटोंसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मालकिणीला सांगितलंय, पोरीला गोवर आलाय," त्या म्हणाल्या.

"गोवराची पोर भलतीच ठणठणीत दिसतेय," मागून, केस सरळ करायचा तापलेला कंगवा हातात धरून, आयनीझाबाई म्हणाल्या.

"तू गप गं. पोरा, पाठमोरा पाठव."

मी मान डोलावली. चेहऱ्याचा फोटो उतरवताना मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "तिनं तोंड पाठव म्हटलं होतं."

"असं म्हणाली?"

"हो."

कंगव्यातून धूर निघत होता. टार्व्हरबाई परत खुर्चीत जाऊन बसल्या. मला वाटलं, संपलं.

"छापून कधी येतं रे?"

"गुरुवारी."

"मग उद्या मीच सांगते त्यांना. पेपरात बघून नको कळायला."

"जेवण रांधायच्या आधी सांग," आयनीझाबाई म्हणाल्या. "नाहीतर फुकट राबशील."

"नाही. बिस्किटं भाजून, वाढून मग सांगेन. करपवून गेली असं म्हणायला नको कुणी."

मी चेहऱ्याचा फोटो पाकिटात घालून ते चिकटवत होतो. त्या आरशातूनच म्हणाल्या, "कॉलर फाटलेली दिसते का त्यात?"

"दिसते."

"रविवारसाठी इस्त्री केला होता तो फ्रॉक." त्यांनी मान पुन्हा कंगव्याखाली वाकवली. "दिसू दे."

मी धावत सुटलो. बस चुकली तर बरं, असं थांब्यापर्यंत वाटत होतं. बस उभी होती. मी ड्रायव्हरच्या हाती पाकीट दिलं.