लाईट यायच्या आत

लाईट येऊ नये अशी इच्छा करणारा माणूस आख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. पण त्या ऑक्टोबरातल्या रविवारी पडेगावात एक होता. प्रणय दाभाडे त्याचं नाव. आणि त्याला ही इच्छा का झाली, हे सांगायचं तर आधी त्याचं खूळ सांगावं लागेल.

प्रणय वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. सहा दिवस नट-बोल्ट मोजायचा आणि रविवारी लिनक्सवाल्यांसाठी छोटी छोटी टूल्स लिहायचा. लिनक्स म्हणजे कम्प्युटरवर फुकटात टाकता येणारी सिस्टीम, आणि ती वापरणारे लोक जगभर पसरलेले. बॅटरी भरली की ओरडणारं एक टूल, फाईलींची नावं एका दमात बदलणारं एक, असली त्याची कामं. सगळं फुकट, आणि आतलं लिखाणही उघडं. ज्याला पाहिजे त्यानं वाचावं, सुधारावं. त्याची बायको रूपा म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजताय तुम्ही." तो हसायचा आणि भाजत राहायचा.

त्याच्या टूल्समध्ये सगळ्यात चाललेलं म्हणजे केरसुणी. एकच फाईल दोन ठिकाणी सापडली की केरसुणी त्यातली एक पुसून जागा मोकळी करायची. कचरापेटीत टाकायची भानगड नाही, थेट साफ. बॅटरी उतरू नये म्हणून ती लॅपटॉपला वीज मिळाली की मगच चालायची. चालायच्या आधी नेटवर नवी आवृत्ती आलीय का ते बघायची, आणि नेट नसलं तर हातात आहे तीच घेऊन कामाला लागायची. प्रणयला तिचा भारी अभिमान होता.

त्या दुपारी जेवण करून तो खुर्चीत बसला आणि पोलंडमधल्या कुणा बाईची तक्रार त्यानं उघडली. तुमच्या केरसुणीनं माझ्या मुलीचे लहानपणीचे व्हिडिओ पुसले, असं तिनं लिहिलं होतं. दुसरीकडं प्रत आहे असं केरसुणीला वाटलं, पण तिथं प्रत नव्हतीच, नुसती लिंक होती.

प्रणयला चूक लगेच कळली. लिंक म्हणजे काय, तर घराचा पत्ता लिहिलेली पाटी. फाईल एका जागी ठेवायची आणि दुसऱ्या जागी तिची पाटी लावायची. आजवर केरसुणी अशा पाट्यांकडं बघायचीच नाही. मागच्याच आठवड्यात कुणीतरी मागणी केली म्हणून यानं तिला पाटी वाचून घरात शिरायला शिकवलं होतं. आता ती एकाच घरात दोन दारांनी शिरत होती, घरं दोन आहेत असं धरून चालत होती, आणि खरं घर पाडून पाटी तेवढी शिल्लक ठेवत होती. गाढवपणा केरसुणीचा नव्हता, तो शिकवणाऱ्याचा होता.

आणि मग त्याला विशाखाताई आठवली.

विशाखा त्याची थोरली बहीण. शाळेत मास्तरीण होती, आणि सुट्टी मिळाली की गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायांची गाणी रेकॉर्ड करायची. जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या, कुठं लिहिलेल्या नाहीत अशा. गाणाऱ्या बायांतल्या कितीतरी आता नाहीत. तिनं सगळ्यात पहिलं रेकॉर्डिंग केलं ते त्यांच्या आईचं, मुक्ताबाईचं. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

प्रत्येक गाणं विशाखानं बाईच्या नावाखाली ठेवलं होतं, आणि गावाच्या नावाखाली त्याची लिंक. "ताई, कॉपी कशाला करती? लिंक टाक, जागा वाचते," असं तिला शिकवणारा शहाणा हाच. आजच सकाळी, ती निघताना, तिच्या लॅपटॉपवर नवी केरसुणी बसवणाराही हाच. आणि सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवतो, असं दर रविवारी कबूल करून पुढच्या रविवारावर ढकलणाराही हाच! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

त्यानं फोन उचलला. विशाखाचा मेसेज आधीच येऊन पडला होता. 'दौलताबादला साळूमावशीकडं आलेय. लाईट नाय. लॅपटॉप चालूच ठेवून बोर्डाला लावलाय, आली की चार्ज होईल. आता रेकॉर्डिंग, फोन बंद.'

एकदा मध्येच फोन वाजून एका म्हातारीचं गाणं तुटलं होतं. तेव्हापासून गाणं चालू असलं की विशाखा फोन बंदच ठेवायची. तरी प्रणयनं लावला. बंद. साळूबाई म्हणजे आईच्या बरोबरीची गाणारी; तिच्या मुलाला, कडुबाला लावला. तोही बंद. सकाळपासून लाईट नाही म्हटल्यावर गावातल्या निम्म्या फोनांनी मान टाकलेली असणार.

म्हणजे लाईट येईल, लॅपटॉपला वीज मिळेल, आणि केरसुणी चालायला लागेल. ताईचा फोन बंद म्हणजे लॅपटॉपला नेट नाही, तर हातातल्या चुकीच्याच आवृत्तीवर चालेल. तीही सगळ्यात जुन्या फाईलीपासून, म्हणजे आईच्या गाण्यापासून.

"रूपा, गाडीची किल्ली!" तो ओरडला. रूपा धावत आली. दोन वाक्यांत त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मग बसलाय काय? निघा ना!"

तो उठला, आणि उठल्या जागी थबकला. स्क्रीनवर ती पोलंडची बाई तशीच होती. तिच्या खाली आता दुसरा कुणी आला होता, ब्राझीलचा. माझंही गेलं, म्हणत होता. केरसुणी वापरणारे शेकड्यानं होते. त्यांच्या घरी लाईट असणार, नेटही असणार. इथं बसून त्यानं नवी आवृत्ती सोडली, तर चालायच्या आधी त्यांची केरसुणी ती घेईल आणि गप्प बसेल. सोडली नाही तर पुसत राहील.

"मी एवढं करतो आणि निघतो."

"अहो, आईंचा आवाज आहे तिथं!" रूपाचा आवाज चढला. "आधी घरचं बघा, मग जगाचं. कोण लागतात ते तुमचे?"

"कुणी नाय लागत. पण केर माझ्याच केरसुणीनं काढलाय."

तो बसला. लिंक दिसली की हात लावायचा नाही, एवढीच ओळ घालायची होती. घातली, आणि चाचणी आपटली. घाईत एक कंस राहिला होता. दुरुस्त केला, पुन्हा चाचणी लावली. ती चालत असताना सगळ्यांसाठी इशारा लिहिला, 'केरसुणी लगेच बंद करा, चूक माझी आहे.' रूपा दारात उभी राहून किल्ली सारखी वाजवत होती. चाचणी सरकायचं नाव घेईना. साध्या कामाला मेली किती वेळ घेते! शेवटी पास झाली, आवृत्ती सुटली, आणि प्रणय चप्पल न घालता पळाला.

दौलताबादचा रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी तो संपेना. उन्हानं डोळे जळत होते. वाटेतल्या प्रत्येक टपरीत तो पंखा फिरतोय का ते बघायचा. एका ढाब्यावर पंखा गरगर फिरत होता आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. मग स्वतःलाच समजावलं, इथली लाईन वेगळी, गावातली वेगळी. येऊ नको बाई, तो लाईटला म्हणाला, अजून थोडं येऊ नको.

किल्ल्यापुढं पर्यटकांच्या गाड्यांची ही मोठी रांग. सीताफळाच्या हातगाड्या रस्त्यावर आलेल्या, भाव करणारे गाड्या मध्येच सोडून उतरलेले. प्रणयनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"ओ भाई, हवा में जाना है क्या?" एका जीपवाल्यानं हटकलं.

"जाने दो यार, घर का मामला है!"

जीपवाल्यानं त्याचं तोंड बघितलं आणि गाडी थोडी मागं घेतली. त्या फटीतून प्रणय निघाला आणि गावात वळला. गल्लीत सामसूम होती. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद, तिच्या पायरीवर बाया डबे घेऊन लाईटची वाट बघत बसलेल्या. त्यांना बघून त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पोचलो, तो मनाशी म्हणाला. साळूबाईचं घर पुढच्याच वळणावर होतं.

आणि मागं गिरणी घरघरली.

"आली, आली!" बाया ओरडल्या. कुठं टीव्ही लागला, कुठं मोटार सुरू झाली, सगळ्या गल्लीला उधाण आलं. प्रणयनं गाडी बंद करून भिंतीला टेकवली आणि दार ढकलून आत घुसला.

आत साळूबाई डोळे मिटून गात होती. समोर रेकॉर्डर घेऊन विशाखा. तिनं त्याला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तो थांबला नाही. भिंतीशी लॅपटॉप होता, पिन उपटली, बटण दाबून धरलं, आणि स्क्रीन काळी होईपर्यंत सोडलं नाही.

गाणं तुटलं. साळूबाईनं डोळे उघडले.

"वेड लागलंय का तुला?" विशाखा कडाडली. "ना जयभीम, ना काही! लई दिवसांनी मावशीला ते गाणं आठवलं होतं!"

"ताई, थांब. जरा थांब."

त्यानं लॅपटॉप उघडला, केरसुणी आधी काढून टाकली आणि मग गाणी बघितली. चतुराबाई होती. मालनबाई होती. खाली सगळ्या जणी होत्या, केरसुणी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आईच्या नावाखाली मात्र काही नव्हतं. गावाखालची लिंक तेवढी शाबूत होती. त्यानं ती दाबली, आणि फाईल सापडत नाही, असं मशीननं सांगितलं. ही डिस्क नव्या पद्धतीची, चौदा एप्रिलला त्यानंच ताईला भेट म्हणून बसवलेली. तिच्यावर पुसलेलं परत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. विशाखा ऐकत राहिली. मग तिनं स्वतः ती लिंक दाबली, आणि परत दाबली.

"तुला कळलं कधी?"

"जेवण झाल्यावर."

"मग पडेगावहून यायला एवढा वेळ?"

खोटं बोलायला ती चांगली जागा होती. गाड्या अडकल्या होत्या, म्हणाला असता तर त्यात निम्मं खरंही होतं.

"आधी बाकीच्यांचं बंद केलं," तो म्हणाला. "जे वापरतात त्यांचं. मग निघालो."

"सरळ आला असता तर?"

"लाईट यायच्या आत पोचलो असतो."

विशाखानं तोंडावर पदर घेतला. लहानपणापासून त्यानं तिला रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ही सगळ्यांना सांभाळत होती.

साळूबाईला यातलं कम्प्युटरचं काही कळलं नाही, पण काय गेलं ते बरोबर कळलं. ती सरकून विशाखाजवळ आली. "पोरी, मुक्ताची ती ओवी मला येती. आम्ही संगंच म्हणायचो. म्हणू का?"

"नको मावशी. आज नको."

प्रणयच्या खिशात फोन थरथरत होता, त्यानं काढला नाही. शेवटी विशाखानंच विचारलं, "बाकीच्यांचं वाचलं का?"

"बहुतेकांचं वाचलं असंल."

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली.

"बरोबर केलं तू," ती म्हणाली. "मी असते तर मीही तेच केलं असतं, असं मला वाटतं. आता जा. मी बोलवल्याशिवाय माझ्या दारात येऊ नको."

"ताई..."

"जा म्हटलं ना. मावशीचं गाणं राहिलंय."

तो बाहेर आला. अंगणात येईपर्यंत त्याच्यामागं दार लागलं, आणि आत साळूबाईनं पहिल्यापासून सुरुवात केली. गाडी सुरू केली असती तर आवाज रेकॉर्डिंगमध्ये गेला असता. म्हणून तो गाडी हातानं ढकलत, अनवाणीच, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.