पाचच हजार

माझं तोंड फटकळ आहे. गिऱ्हाईक काही खुळ्यासारखं बोललं की मी तिथल्या तिथे त्याची हजेरी घेते, आणि तरी ते परत येतं, कारण या भागात नाण्यांचं दुकान एकच आहे. पण हेच तोंड एकदा नको तेव्हा गप्प बसलं. ती गोष्ट सांगते.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. लग्न होऊन आले तेव्हा मला नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी मला पहिला धडा दिला तो भिंगाचा नव्हे, व्याकरणाचा. टांकसाळीतून नवं कोरं नाणं आलं होतं, कुठल्याशा पुलाला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "अशी पाच हजार नाणी काढलीत." गिऱ्हाईक 'बरं' म्हणालं आणि निघालं. सासरे मागून म्हणाले, "पाचच हजार काढलीत हो." गिऱ्हाईक दारातून मागे फिरलं आणि दोन घेऊन गेलं.

"बघितलंस?" सासरे म्हणाले. "आपण तो 'च' विकतो. नाणं त्यावर फुकट."

पुढे ते गेले, नवऱ्याला दुकानात रस नव्हता, आणि गल्ला माझ्याकडे आला. 'च'सकट.

त्या 'च'चं सगळ्यात इमानी गिऱ्हाईक म्हणजे लिफ्टवाले भाऊ. मोठ्या हॉस्पिटलातल्या सगळ्या लिफ्ट त्यांच्या ताब्यात. दर वर्षी नवं नाणं निघालं की अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायचे. नखांत वंगण असायचं म्हणून मी हातमोजे पुढे करायच्या आधीच हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मग मोजे चढवून नाणं उजेडात फिरवून बघायचे नि म्हणायचे, "काम मशीनचं आहे, पण मशीन बेरकी आहे." मग हळूच विचारायचे, "वाढेल ना हो भाव?"

आणि मी म्हणायचे, "पाचच हजार आहेत, भाऊ."

मी 'वाढेल' असं एकदाही म्हटलं नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा बजावलंय की त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

एकदा त्यांनी सांगितलं नाणी कशासाठी ते. "गंमत बघा, जन्मभर जगाला वर-खाली नेलं आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत. बायकोचे गुडघे गेलेत. मी तिला सांगून ठेवलंय, हा डबा तुला तळमजल्यावर आणेल." हसत हसत म्हणाले, पण पैसे मोजून देताना नेहमीसारखे हसले नाहीत. मीही पावती फाडली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गेल्या वर्षी भाऊ गेले. हृदयाचं काहीतरी. मला महिन्याने कळलं.

मग एका सकाळी त्यांची बायको दुकानात आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण भाऊंचा पत्र्याचा डबा ओळखला. बाई साठीच्या पुढची, बुटकी, कडक इस्त्रीच्या कपड्यातली. पायरी चढताना तिने आधी चौकट धरली, मग एक गुडघा आणला, मग दुसरा. मी स्टूल सरकवलं.

"वहिनी, या. ऐकून फार वाईट वाटलं."

"ते झालं," ती म्हणाली. "मी कामाला आलेय. आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावरची खोली रिकामी झालीय. घरमालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. अनामत भरायचीय."

असं म्हणून तिने डबा उघडला आणि काउंटरवर पांढरा रुमाल पसरला. रुमालावर एकेक नाणं मांडत गेली, सहा-सहाच्या तीन ओळी, एकही नाणं तसूभर इकडे तिकडे नाही. नंतर कळलं, भाऊंच्याच हॉस्पिटलात ती सव्वीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं धुवायची. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, सगळं मोजून, घासून, ओळीत लावून आत पाठवायचं.

नाण्यांवर पारदर्शक डब्या नव्हत्या. आणि नाणी नको इतकी चमकत होती.

"काहींवर डाग होते," ती जरा ऐटीत म्हणाली. "पिवळट. मी सगळी डब्यांतून काढली, पावडरीने घासली, कापडाने पुसली. दोन दिवस लागले. वस्तू द्यायची तर स्वच्छ करून द्यावी. माझ्या हातून डाग असलेली कात्री कधी गेली नाही."

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलेच. "नाणं कधी घासतात का? अख्ख्या दुनियेला सांगत फिरते मी, नाण्याला बोटसुद्धा लावू नका, आणि तुम्ही पावडर लावलीत?" भिंग घेऊन बघितलं. प्रत्येक नाण्यावर बारीक बारीक ओरखडे, गोल गोल, मन लावून मारलेले.

तिचा चेहरा उतरला. "मग याचं काही येणार नाही?"

"आता काय येणार?" मी म्हटलं.

'आता'. एवढाच शब्द. तो तिने उचलला.

"म्हणजे माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. मग पुन्हा, प्रश्नासारखं, "माझ्यामुळे का हो?"

एरवी कुणी न विचारता दहा वाक्यं बोलणारी मी. त्या क्षणी माझ्या तोंडाला कुलूप लागलं. मी भिंग पुसत बसले.

तिने रिकामा डबा बंद केला. मग अठरा नाणी एकेक करून रुमालात घेतली, चारही टोकं जुळवून घडी घातली. "ते म्हणायचे, डब्या उघडू नकोस. मला वाटलं, धूळ आत जाईल म्हणून म्हणतात." आणि एक गुडघा, मग दुसरा, करत पायरी उतरून गेली.

आता खरं काय ते ऐका. ती नाणी घासली नसती, डब्यांत कोरी करकरीत राहिली असती, तरी त्यांचं काही आलं नसतं. भाऊंनी जे दिलं त्याच्या निम्मंही कुणी दिलं नसतं. मी तर नाहीच. जुनं नाणं दुर्मीळ होतं ते कसं? लोक ते खर्चतात, हरवतात, वितळवतात, लेकरं गिळतात. लाखांतली शंभर उरतात आणि ती हजार जणांना हवी असतात. या नव्यांचं काय होतं? पाच हजार निघतात आणि पाच हजारच्या पाच हजार कुणाच्या ना कुणाच्या कपाटात बसून राहतात. एकही हरवत नाही. आणि मागायला येतात किती? माझ्या दुकानात, वर्षाला दहा. ज्याला हवंय त्याने पहिल्याच दिवशी घेतलेलं असतं. एखादं चढतं, नाही असं नाही, पण ते कोणतं हे मला कळत असतं तर मी काउंटरमागे कशाला बसले असते? आवडलं म्हणून घ्या, नातवाला दाखवायला घ्या, छान असतात. पण म्हातारपणाची काठी म्हणून घेऊ नका. हे मला भाऊंच्या तिसऱ्या नाण्यानंतरच कळलं होतं. एक मास्तर असलीच पाच नाणी विकायला आले आणि मी त्यांना हात जोडून परत पाठवलं. त्याच संध्याकाळी भाऊंना चौथं विकलं.

म्हणून त्या सकाळी तिची पावडर मला सापडली ती बुडत्याला ओंडका सापडावा तशी. भाऊ चुकले नाहीत, मी चुकले नाही, तिनेच घासलं. किती सोयीचं!

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नाणी राखेत पुरून ठेवली तर पूर्वीसारखी होतील का? मी म्हटलं, नाही हो. पाचव्या दिवशी पुन्हा. हॉस्पिटलातल्या कुणीतरी तिला कसल्याशा तेलाचं सांगितलं होतं. मी म्हटलं, नका लावू. नवव्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोच फोन.

"दातांच्या डॉक्टरांकडे ओरखडे बुजवायचं मशीन असतं म्हणे. मी त्यांच्याकडे काम केलंय, ते नाही म्हणणार नाहीत. विचारू का?"

"वहिनी, राहू द्या आता."

"राहू कसं द्यायचं?" आवाज बारीक झाला. "त्यांनी अठरा वर्षं जपलं आणि मी दोन दिवसांत घालवलं. मला माझे हात बघवत नाहीत."

फोन ठेवला आणि मी दुकानाला पुन्हा कुलूप लावलं. गल्ल्यात होते तेवढे पैसे घेतले, वाटेत बँकेतून उरलेले काढले. अठरा पावत्यांच्या प्रती माझ्याकडे होत्याच, पत्त्यासकट, सासऱ्यांची शिस्त.

चार मजले चढताना माझा भाता झाला. मी काही बारीक नाही. दुसऱ्या मजल्यावर बसले, तिसऱ्यावर बसले, आणि ही बाई रोज दूध आणायला उतरते हे मनात आलं तेव्हा स्वतःचाच राग आला. तिने दार उघडलं. खोली लख्ख. भाऊंचा फोटो भिंतीवर, आणि जेवायची खुर्ची फोटोकडे पाठ करून ठेवलेली.

"पाणी देते," ती म्हणाली.

"आधी ऐका. तुम्ही घासली नसती तरी त्यांचं काही आलं नसतं."

ती तशीच उभी राहिली. "एकाचंही?"

"एकाचंही नाही. मला ठाऊक होतं. भाऊंना विकत होते तेव्हापासून ठाऊक होतं. मी भाव वाढेल असं म्हटलं नाही, फक्त 'पाचच हजार' म्हटलं. त्या 'च'वरच आमचं घर चाललं. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसले, कारण मला ते बरं पडलं."

ती हळूच खुर्चीवर टेकली. आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग हसायला लागली. मला वाटलं हिचं काही खरं नाही, पण ती सरळ, पोट धरून हसत होती.

"म्हणजे पाच हजारांतलं एकेक मी कमी केलं," ती म्हणाली. "चार हजार नऊशे नव्याण्णव उरली. बाकीच्यांचा भाव वाढला असेल की हो! मला हिस्सा मिळायला हवा." डोळे पुसत भिंतीकडे वळली. "ऐकलंत? अठरा वर्षं! एक गॅसची शेगडी घेऊ दिली नाहीत मला!" रागावून म्हणाली, पण खुर्ची फोटोकडे फिरवूनच.

मी पिशवीतून पाकीट काढलं. "मी परत घेते. पावत्यांवरच्या भावाने, सगळी."

"घासलेली?"

"घासलेली."

"तुमचं नुकसान होईल."

"होऊ द्या."

"मी नको-नको म्हणणार नाही हं," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना तेवढा ताठा परवडत नाही. अनामतीपुरतं होतंय." आणि पाकीट घेतलं. मग रुमालाची घडी माझ्यासमोर ठेवली, थांबली, जरा लाजून विचारलं, "पण घासली होती चांगली ना?"

"वहिनी, अशी लखलखीत नाणी मी तीस वर्षांत बघितली नाहीत," मी म्हटलं, आणि यात काडीचं खोटं नव्हतं.

माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. इतकं हलकं वाटलं की दारात चपला घालताना मी बोलून गेले, "चला, सुटलं एकदाचं. मनाला लावून घेऊ नका आता. नऊच दिवस तर गेले."

ती दार धरून उभी होती. हसू गेलं.

"नाण्यांचं मी मनात धरत नाही," ती म्हणाली. "तो तुमचा धंदा, आणि त्यांनाही हौस होती. पण मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, माझ्यामुळे का? एक 'नाही' म्हणायला काय लागत होतं? मी त्यांच्याकडे पाठ करून जेवले, बाई. नऊ दिवस." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "'च' नाही. तो तुमच्या दुकानात ठेवा."

रुमाल छातीशी धरून मी जिना उतरू लागले. दोन मजले उतरले तरी तिचं दार लागल्याचा आवाज आला नाही. मग वरून हाक आली.

"सांभाळून हो! खालून तिसरी पायरी फुटलीय. मी रोज तिथेच अडखळते."

वर जाताना ती पायरी मला दिसलीच नव्हती. खाली पोचल्यावर मी तिच्यावर बसले आणि लहान मुलीसारखी रडले.