टोपीने धरलेली जागा

मेसेपाने खुर्चीला पाठ टेकवली नाही ती नाहीच.

सगळे चर्चमधून थेट आले होते. अंगावर अजून रविवारचे पांढरे कपडे होते, डोक्यावर टोप्या होत्या. ऑपेराच्या प्रेक्षागृहाच्या दारावरच्या मुलीने हसून सांगितलं, "टोपी काढून ठेवाल का? मागच्यांना दिसायचं नाही." तेव्हा मेसेपाने आपली रुंद काठाची टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि होडीत बसतात तशी ताठ बसली. पलीकडे तिची बहीण सेला. अलीकडे, कडेच्या खुर्चीवर, तिची मुलगी लोसा. कडेची खुर्ची लोसाने मागूनच घेतली होती. तिची तिआले चार महिन्यांची होती, आणि दूध पिणाऱ्या पोरीला बाहेर लॉबीत नवऱ्याकडे, पेनीकडे, सोडून आलेल्या बाईला मधली खुर्ची चालत नाही.

"पेनीला बाटली कोमट करता येते ना?" सेलामावशीने विचारलं.

"येते."

"मग तोंड का असं करून बसलीयस? जणू पोर समुद्रात सोडून आलीस."

"मावशी, ती बाटली तोंडात धरतच नाही. घरी दोनदा करून बघितलं."

"भूक लागली की धरेल. तुझा भाऊ तर चपलेचा पट्टासुद्धा चोखायचा."

"गप्प बसा दोघी," मेसेपा समोर बघतच म्हणाली. "आज वाद नाही."

आज वाद नाही, आडवं होणं नाही, तोंडात काही टाकणं नाही. दुपारचं रविवारचं जेवण, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, तारोचे कंद, सगळं झाकून घरीच राहिलं होतं. मेसेपाच्या गावी, सामोआत, माणसं मासेमारीला गेली की घरी राहिलेली माणसं अशीच बसत. त्या बसण्याला तापुआई म्हणत. हातपाय स्थिर, मन होडीत. घरात भांडण झालं की तिकडे जाळं फाटतं, कोणी लोळलं की तिकडे वल्ह्यातलं बळ जातं, असा हिशेब. आणि होड्या परत आल्या की किनाऱ्यावरचे ओरडत, "मालो!", शाबास! वल्हवणारे उलट ओरडत, "मालो ले तापुआई!" तुमच्या बसण्यालाही शाबास. ते उत्तर दिल्याशिवाय कोणी होडीतून पाय खाली टाकत नसे.

लोसा ऑकलंडमध्ये जन्मली, कॉलेजात मानसशास्त्र शिकली. बसण्याने जाळं शाबूत राहतं यावर तिचा विश्वास नव्हता. पण गुरुवारी तोलोचा आवाज फाटला होता.

तोलो, म्हणजे तिचा धाकटा भाऊ इसितोलो. पहिलीच मोठी भूमिका. एका कोळ्याच्या पोराची. तिसऱ्या अंकात तो बुडण्याआधी एकदा गातो, आणि त्या गाण्याच्या शेवटी एक सूर आहे, उंच, एकटा, खाली वाद्यांचा आधार नसलेला. गुरुवारी तो सूर मधोमध चिरला. सगळ्या प्रेक्षागृहाने ऐकला. शुक्रवारी तोलो आईच्या घरी आला, स्वयंपाकघरात उभा राहिला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "रविवारी शेवटचा प्रयोग आहे. परत फाटला तर मला पुढच्या वर्षी कोणी उभं करणार नाही." मग जाता जाता दारातून म्हणाला, "आई, तुम्ही सगळे बसा." बघायला या असं नाही म्हणाला. बसा म्हणाला. मेसेपाने तेव्हाच टोपीला इस्त्री केलेली रिबीन लावायला घेतली.

तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले. त्या मंदावण्यात लोसाला नेहमी व्हायचं तेच झालं. ती पुन्हा सहा वर्षांची झाली.

तेव्हा ते सगळ्यात वरच्या मजल्यावर, शेवटच्या रांगेत बसत. बाबा, आपेलु, चर्चच्या गायनवृंदात खर्जात गायचे आणि वृंदाच्या गुरुजींकडे दरवर्षी रंगीत तालमीचे पास यायचे. बाबांनी घरून निघतानाच गोष्ट सांगायला सुरुवात केलेली असायची. कोण कोणावर प्रेम करतो, कोण विष घेतं, बसमध्ये मोठ्याने, सगळे प्रवासी ऐकत. मध्यंतरात बाहेरच्या चौकातल्या पायऱ्यांवर बसून पत्र्याच्या डब्यातले पानीकेके खायचे, ते तळलेले गोड गोळे. बोटं तेलकट. परत आत जाताना बाबा तिची बोटं स्वतःच्या रुमालाने एकेक करून पुसत, "ही मखमल आपली नाही, जपून," म्हणत. आणि वर गेल्यावर अंधारात त्यांचा गुणगुणता खर्ज खुर्चीच्या लाकडातून तिच्या पाठीत यायचा. पुढे कितीदा तरी ती ऑपेराला गेली, चांगल्या जागांवर बसली, पण पाठीतून ऐकू आलेलं पुन्हा कधी आलं नाही.

पण पहिल्या वर्षी बाबा शेजारी नव्हतेच. तोलो तान्हा होता आणि पहिली तान ऐकताच त्याने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला लागले. बाबांनी अंगातला कोट काढून खुर्चीवर ठेवला, "जागा धरून ठेव," लोसाला म्हणाले, आणि पोराला घेऊन गेले ते परत आले नाहीत. लोसा तो सगळा खेळ कोटाशेजारी रुसून बसली होती. गोष्ट कळली नाही. संपल्यावर लॉबीत जाऊन बघितलं, तर बाबा गालिच्यावर मांडी घालून बसलेले, समोर भिंतीवर छोटा टीव्ही, मांडीवर तोलो झोपलेला. कोच रिकामे असताना जमिनीवर का, म्हणून तिला लाज वाटली होती एवढं आठवतं.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

मध्यंतर झालं तशी लोसा धावतच बाहेर गेली. तिआले पेनीच्या खांद्यावर झोपली होती. बाटली भरलेली होती तशीच होती.

"प्यायली नाही?"

"झोपलीय ना. झोपलेल्या पोरीला उठवून विचारू का?" पेनी कुजबुजला. "जा आत. मला भीती तुझीच वाटते, हिची नाही."

ती परत आली तेव्हा आई तशीच बसलेली होती. मध्यंतरातसुद्धा उठली नव्हती.

"आई, जरा पाय मोकळे कर. पाणी तरी पी."

"तू जाऊन आलीस ना, बास."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धी इथे, अर्धी बाहेर. असं बसण्यापेक्षा न बसलेलं बरं. त्याला कळतं."

"त्याला काय कळतं? वरून त्याला फक्त अंधार दिसतो!"

"अगं बायांनो," सेलामावशीने दोघींच्या मध्ये आपली टोपी पंख्यासारखी हलवली, "माझ्या भाच्याची होडी बुडवताय का? आणि तशी ती आज बुडायचीच आहे, तिसऱ्या अंकात."

मेसेपाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, पण ते तिने गिळलं. लोसाने जीभ आवरली. वाद नको म्हणून गप्प बसणं आणि पटलं म्हणून गप्प बसणं यातला फरक आईला बरोबर कळतो, हे तिला माहीत होतं.

तिसरा अंक सुरू झाला. रंगमंचावर निळी पहाट होती आणि तोलो वल्हं खांद्यावर घेऊन आला. त्याची चाल बाबांची होती. डावा पाय किंचित बाहेर टाकणारी. हे लोसाला आजवर कधीच दिसलं नव्हतं. तिला वाटलं, आईला सांगावं. वळून बघितलं तर आईचे डोळे भरलेले होते आणि पाठ तशीच ताठ.

तेवढ्यात मुठीतला फोन थरथरला. उजेड दिसू नये म्हणून पर्सच्या आत धरून तिने पेनीचा निरोप वाचला. "घेतच नाहीये. रडून काळीनिळी झाली. मी काय करू?"

तिच्या अंगात दूध भरून आलं. हे कोणी सांगावं लागत नाही.

कोळ्याची आई रंगमंचावर त्याला जाऊ नको म्हणत होती. तिचं गाणं संपलं की तोलोचं. आता बाहेर पडलं तर पुन्हा आत सोडत नाहीत, ते दारावर लिहिलेलंच होतं. लोसा उठायला गेली तशी मेसेपाने तिच्या झग्याचा काठ पकडला.

"आत्ता नाही," मेसेपा ओठ न हलवता म्हणाली. "त्याचं गाणं होऊ दे."

"आई, ती रडतेय."

"तो पण माझं पोर आहे."

"माझं ते बाहेर आहे."

आईने काठ सोडला नाही. लोसाने तिची बोटं सोडवली. एकेक करून. मग काय करावं ते न सुचून आपली चर्चची टोपी खुर्चीवर ठेवली आणि अंधारात वाकून बाहेर पडली. दारावरची मुलगी हळूच म्हणाली, "आता परत..."

"माहीत आहे," लोसा म्हणाली.

लॉबीच्या टोकाला पेनी घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होता. तिआलेने आईला बघून आणखी एक किंकाळी फोडली, केवळ हिशेब चुकता करायला, आणि छातीशी घेतल्यावर हुंदके देत देत प्यायला लागली. लोसा कोचावर बसली. कोच इतका खोल की पाठ आपोआप मागे गेली. मागे कललेलं अंग सैल पडत होतं, आणि भिंतीवरच्या टीव्हीत बोटाएवढा तोलो ओठ हलवायला लागला होता.

ती उठली. पोरीला छातीशी तशीच धरून गालिच्यावर बसली. मांडी घातली, पाठ सरळ केली.

"काय झालं? कोच ओला आहे का?" पेनीने विचारलं.

"नाही. बस तूही. ताठ."

तो बिचारा बसला.

तिथे बसल्यावर लोसाला कळलं की बाबा त्या दिवशी बाहेर काढले गेले नव्हते. किनाऱ्यावरच्यांना होडी कुठे दिसते? ते बसतात ते न दिसणाऱ्या होडीसाठीच. सहा वर्षांची लोसा आत मखमलीवर रुसून बसली होती आणि बाबा इथे, याच भिंतीसमोर, आतल्या अनोळखी गायकांसाठी, रुसलेल्या लेकीसाठी, मांडीवरच्या पोरासाठी, सगळ्यांसाठी बसले होते. ज्या तोलोसाठी तिचं अंग आता आवळलं होतं तो स्वतः तेव्हा इथेच, बाबांच्या मांडीवर, झोपेत ऐकत होता.

टीव्हीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता. वाद्यं थांबली. हे ते ठिकाण. लोसाने श्वास धरला नाही. धरला असता तर तिआलेने चोखणं थांबवलं असतं. ती सावकाश श्वास घेत राहिली आणि मनाने वल्हं धरून बसली. सूर वर गेला. गुरुवारी त्याने तो ढकलला होता, सेलामावशी म्हणाली होती, दार ढकलावं तसा. आज त्याने तो सोडला. बारीक, थकलेल्या माणसाचा, पण अख्खा. त्या डब्यातूनसुद्धा कळलं की अख्खा आहे. तो थांबला तरी क्षणभर सगळं थांबलेलंच राहिलं.

मग त्या जाड, आवाज न येऊ देणाऱ्या दारांतून एक आवाज आला.

"मालो!"

आईचा. ऑपेरात असं ओरडत नाहीत, हे तिला लोसाने चर्चमधून निघताना तीन वेळा बजावलं होतं. पाठोपाठ सेलामावशीचा, मग कुठून कुठून, वरच्या मजल्यावरूनसुद्धा, कोणाकोणाच्या मावश्यांचे आणि काकांचे. मग टाळ्या.

"मालो," लोसा गालिच्यावरून पुटपुटली. तिआले दचकली नाही.

खेळ संपल्यावर लॉबीत गर्दी झाली. मेसेपा बाहेर आली तेव्हा लोसा अजून गालिच्यावरच मांडी घालून होती. तोलो चेहऱ्यावरचा रंग अर्धवट पुसून आला. सेलामावशीने पर्समधून गोळ्या-चॉकलेटांची लांबलचक माळ काढून त्याच्या गळ्यात घातली.

"मरायला टेकलेला माणूस एवढं गातो का रे?" ती म्हणाली. "आमचा आपेलु दोन शब्दांत गेला."

तोलो हसला, मग बहिणीकडे वळला. "शेवटी दिवे लागले तेव्हा बघितलं. आईच्या शेजारी नुसती टोपी होती."

लोसाने आईकडे बघितलं. मेसेपाच्या एका हातात लोसाची टोपी होती, काठ मुठीत आवळून चुरगळलेला. म्हणजे तिने ती खुर्चीवर सगळा वेळ धरून ठेवली होती.

"ती बसली होती," मेसेपा म्हणाली. "बाहेर. बापासारखी."

तोलोने खाली गालिच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. मग तो आईसमोर वाकला, मावशीसमोर वाकला, आणि शेवटी तिआलेच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, "मालो ले तापुआई." तिने त्याची चिकटवलेली दाढी ओढली. अर्धी निघून तिच्या मुठीत आली.

बाहेर चौकात ऊन उतरायला लागलं होतं. मेसेपाने पायऱ्यांवर बसून पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. लोसा बघतच राहिली. झाकणावरचा पोचा तोच होता.

"हा आणलायस? मला वाटलं होतं..."

"तुला पुष्कळ वाटत असतं," मेसेपा म्हणाली. "ती पोरगी इकडे दे आणि खा. सकाळपासून तुझ्याही पोटात काही नाही, दूध कुठून येणार?"

तिने नातीला कुशीत घेतलं, स्वतः एक गोळा तोंडात घातला, डोळे मिटले आणि दिवसभरात पहिल्यांदाच, मागच्या पायरीला पाठ टेकवली.