आसरांचा वाटा

"हात सोड गं! सासऱ्याचा हात धरतीस? लाज हाय का न्हाई?"

मामा, म्हणजे माझे सासरे मुंजाजी, तलावाच्या काठाला गुडघाभर गाळात उभे होते. त्यांच्या हातात काळा, खरबरीत, काट्याकाट्यांचा मासा वळवळत होता आणि ते मनगट मी धरलेलं. कधी धरलं ते माझं मलाच कळलं नाही.

"सोडते मामा. पर तुमी त्याला पाण्यात सोडू नका."

"कावून? पयला मासा आसरांचा. माझ्या आज्यापासनं चालत आलंय."

ते खरंच. आम्ही भोई. पाण्यात साती आसरा राहतात, सात बहिणी. त्यांच्या घरात जाळं टाकायचं तर पहिला मासा त्यांचा. त्याला कुंकू लावायचं, 'घ्या माय तुमचा वाटा' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. आसरा फुकट काही ठेवून घेत नाहीत, सातपट करून माघारी देतात. नवी नवरी म्हणून पहिल्यांदा तलावावर आले, तेव्हा माझ्या सासूनं, सारजा आत्याबाईंनीच मला हे सांगितलेलं.

पण हा मासा होता हेलिकाप्टर. पंख पसरले की तसा दिसतो म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. कुण्या हौशी माणसानं घरातल्या काचेच्या पेटीतला आणून पाण्यात सोडला म्हणे. कातडं असं की विळी घसरते. खायला चव नाही, बाजारात कुत्रं हुंगत नाही. दुसऱ्या माशांची अंडी गिळतो, बांधाला बिळं पाडतो, आणि जाळ्यात आला की काट्यांनी जाळ्याच्या चिंध्या करतो. उन्हात टाकला तरी दुपारपर्यंत गलफडं हलवत पडतो, मरत नाही मेला.

त्या दिवशी भादव्याचं ऊन पाठ भाजत होतं. बाभळीच्या फांदीला झोळी बांधून मी धनूला निजवलं होतं. धनूच्या बापानं, अंगदनं, थर्माकोलच्या तराफ्यावरनं जाळं ओढत काठाला आणलं. आत हेलिकाप्टरच हेलिकाप्टर, आणि तळाशी एकच मरळ, चांगली हातभर. जाळ्याला भोक एवढं, की धनू झोळीसकट त्यातनं पलीकडं जावी.

अंगदनं जाळं तिथंच आपटलं. "बास झालं. दसरा झाला की धरायचा कोयता. मुकादम इचारतच व्हता."

उसाचा फड मला नवा नाही. मी स्वतः पाचटात वाढलेली. बैलगाडीखाली लेकरू टाकायचं, हात कोयत्यावर आणि कान लेकराकडं. ते रडलं तर जीव जातो, आणि रडायचं थांबलं तर त्याहून जास्त जातो. धनूला तर अजून धड रांगताही येत नव्हतं. तलाव राहिला तर माझी लेक बाभळीखाली, गेला तर फडात. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. आणि मामा तोच तलाव खाणारा मासा कुंकू लावून पुन्हा तलावात सोडत होते.

"मामा, आदी पयला मासा कोनता देत व्हते?"

"घावंल तो. रोहू, कटला, मरळ."

"आन आता?"

जाळ्यातले काटे सोडवत बसलेल्या आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "आता हेच की. इकत न्हाई, खात न्हाई, मंग घाल देवीच्या ताटात. चांगला मासा बाजाराला, खाजामियाँच्या पेटीत."

"मंग आसरांनी काय केलं?" मी म्हटलं. "दिलं त्याचं सातपट दिलं! सगळा तलाव भरून दिलाय. कारलं पेरून काकडी मागायलोय आपुन."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," अंगद खेकसला.

बांधावर मोटारसायकल लावून खाजामियाँ उभे होते. नांदूरघाटच्या बाजारासाठी ते रोज बर्फाची पेटी घेऊन येतात. ते हसले. "मुंजाजीभाऊ, सून आनली का वकील आनला? भांडन बाद में करा. ती मरळ द्या, बरफ इतळायलाय माझा."

"मरळ आज आसरांची," मी म्हटलं.

"येडी झालीस का?" अंगद उठलाच. "जाळ्यात तेवढी एकच मरळ आन ती पाण्यात?"

आत्याबाई उठल्या. ओला अंगठा स्वतःच्या कपाळावर फिरवला, तिथलं कुंकू मरळीच्या डोक्याला लावलं आणि ती मामांच्या मोकळ्या हातात दिली.

"धरा. बहिनींना शिळंपाकं लई झालं. आज ताजं वाढा."

एका हातात हेलिकाप्टर, दुसऱ्या हातात मरळ. मामांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग हेलिकाप्टर असा भिरकावला की तो खाजामियाँच्या चाकापाशी मुरमात पडला. खाली वाकून त्यांनी मरळ पाण्यात ठेवली. ती क्षणभर तशीच थांबली, मग शेपटीचा फटकारा मारून गेली. सगळा गाळ अंगदच्या तोंडावर.

"गया मेरा धंदा!" खाजामियाँ म्हणाले. पण हसू त्यांनाही आवरेना.

त्याच दिवशी आम्ही बायकांनी तलावाशेजारच्या तुरीच्या शेताच्या धुऱ्याला खड्डा घेतला. जाळ्यात येईल तो हेलिकाप्टर खड्ड्यात, वर माती. कुजला की तुरीला खत. पहिला मासा मात्र चांगलाच द्यायचा, भले तो एकटाच घावो. गावातली माणसं जाता-येता टोमणे मारायची, "भोयाच्या बाया माशाचं तेरावं घालायल्यात!" आत्याबाई टोपलं डोक्यावर घेऊन म्हणायच्या, "जेवाया या मग!"

हेलिकाप्टर संपले नाहीत. एवढ्यात संपणारही नाहीत. पण आमच्या हाताला लागलेला एकही आता अंडी घालायला माघारी जात नाही. मामा स्वतः एकेक उचलून खड्ड्यात टाकतात आणि पाण्याकडं बघून म्हणतात, "माय, तुमच्या ताटातलं उष्टं काढतोय बगा." मधे एका सकाळी मी धनूचे पाय धुवायला काठाला बसले, तर बोटाएवढी रोहूची पिल्लं तिच्या टाचांशी लुचायला आली. ती खिदळली. मी आत्याबाईंना हाक मारायलाही विसरले.

दसरा झाला आणि मुकादम बांधावर आला. "काय बे अंगद, टोळी भरत आली. तुमची जोडी लिवू ना?"

अंगद जाळं सांधत बसला होता. माझ्याकडं बघितलं नाही. मी झोळीचा दोर धरून उभी. त्यानं दातानं धागा तोडला, उठला, खड्ड्याकडं गेला आणि तिथलं सकाळचं भरलेलं पोतं ओढत आणून मुकादमाच्या पायाशी ठेवलं. आत अजून वळवळ चालूच होती.

"काय हाय ह्यात?"

"आमच्या घरची टोळी," अंगद म्हणाला. "न्या. औंदा उसाला आमच्यातनं येवढेच येतेत."