खोडलेली वाक्यं

बिघडलेल्या फाइलींतून मजकूर काढून देणं हा वहिनीचा धंदा. दीर मात्र चारचौघांत त्याला रिकामपणाचे उद्योग म्हणायचा. आज साहेबांच्या निरोपसमारंभाचं त्याचं भाषण उघडेना, तेव्हा तोंड वेंगाडत तिच्याकडेच आला.

“वहिनी, एवढं वाचवा. साहेबांना आधी वाचायचंय, थेट त्यांनाच मेल करा.”

अशा फाइलीतून लिहून खोडलेली वाक्यंही वर येतात. ती वेचून काढल्याशिवाय वहिनी गिऱ्हाइकाला काही द्यायची नाही. ‘आमचे मार्गदर्शक’च्या खालीच ‘हे खडूस थेरडं एकदाचं टळलं’ दिसलं. तिने शांतपणे चहा संपवला आणि मेल पाठवून दिला.

“सगळं आलं ना?” दिराने विचारलं.

“सगळं, भाऊजी. तुमचं एक अक्षर वाया जाऊ दिलं नाही.”